परड्यातलं आऊटहाऊस भाड्यानं देताय? बेळगाव भागातल्या घरमालकांसाठी

शहापूर-वडगावातलं लांबट जुनं घर असो, टिळकवाडी-हिंदवाडीतला बंगला असो की खानापूर-निपाणीकडचं वाडवडिलांचं घर, मागं नाहीतर बाजूला एखादी स्वतंत्र जागा बऱ्याच ठिकाणी असते. एक-दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी-संडास आणि वेगळं दार. मुलाचं लग्न झाल्यावर लागेल म्हणून बांधलेली असते, मुलगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला लागतो आणि तिथं जुन्या गाद्या, लोखंडी खाट आणि गणपतीचं मखर येऊन बसतं. अशी जागा पहिल्यांदाच भाड्यानं देणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आम्ही बरीच वर्षं आमचं आऊटहाऊस भाड्यानं देतोय.

दोन गोष्टी आधीच डोक्यात पक्क्या करा. पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे ‘लिव्ह अँड लायसन्स करा, ऑनलाइन रजिस्टर करा’ असं सांगतात, तो महाराष्ट्राचा कायदा झाला. आपलं घर कर्नाटकात, तेव्हा रीत इथली. दुसरं म्हणजे हा भाडेकरू लांबच्या फ्लॅटमधला नसतो. तो तुमच्या भिंतीपलीकडे राहणार, तुमच्या गेटातून येणार, बहुतेक तुमच्याच टाकीतलं पाणी वापरणार. भांडणं कराराच्या कागदावरून क्वचित होतात. होतात ती मीटर, नळ आणि गेटवरून. म्हणून माझा क्रम असा: आधी या तीन गोष्टी वेगळ्या करा, मग ‘टु-लेट’ची पाटी लावा.

१. उतारा कुणाच्या नावावर आहे ते बघा

करार ज्याच्या सहीनं होणार, त्याचं नाव घराच्या कागदावर पाहिजे. आपल्याकडे कितीतरी घरांचे उतारे अजून आजोबांच्या नावावर आहेत. घरपट्टी भरतो एक भाऊ, राहतो दुसरा आणि तिसरा दुबईत. भाड्याचे पैसे सुरू झाले की ‘माझा वाटा किती’ हा प्रश्न निघतोच. वारसा लावून घेणं उत्तम. ते लगेच होत नसेल तर निदान सगळ्या हिस्सेदारांकडून एक संमतिपत्र लिहून घ्या, आणि भाडं कुणाच्या खात्यावर जमा होणार तेही त्यातच लिहा. आई-वडिलांच्या नावावर घर असेल आणि व्यवहार तुम्ही बघत असाल, तर सही त्यांचीच घ्या किंवा रीतसर मुखत्यारपत्र करा.

महानगरपालिका हद्दीत सीटीएस (सिटी सर्व्हे) उतारा, खाता आणि चालू घरपट्टीची पावती जवळ ठेवा. हिंडलगा, कंग्राळीसारख्या ग्रामपंचायत भागात ई-स्वत्तूचे (पंचायतीच्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) फॉर्म ९ आणि ११ लागतात. कॅम्पात जुन्या बंगल्यांना मोठाली आऊटहाऊसं आहेत, पण तिथल्या कितीतरी जागा सरकारी किंवा लीजच्या असतात. तेव्हा कॅन्टोन्मेंट बोर्डात विचारल्याशिवाय पोटभाडेकरू ठेवू नका.

आधार आणि उताऱ्यावरची नावं जुळवून बघा. एकीकडे आडनाव आधी आणि पुढे नुसती आद्याक्षरं, दुसरीकडे वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, असा घोळ आपल्याकडे नेहमीचा आहे. जुन्या खरेदीपत्रात बेळगाव आणि नव्या कागदात बेळगावी असलं तर काही अडत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदललंय हे सगळ्या ऑफिसांना माहीत आहे. अडतं ते तुमच्या स्वतःच्या नावावरून.

२. मीटर वेगळा करा

पूर्वी हे फक्त सोयीचं होतं. गृहज्योती योजना आल्यापासून ते थेट पैशाचं झालंय.

योजना थोडक्यात अशी. २०२२-२३ या वर्षातला तुमच्या मीटरचा महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर १० टक्के, एवढी वीज मोफत. त्या मर्यादेच्या वर पण २०० युनिटच्या आत वापर गेला, तर फक्त वरच्या युनिटचं बिल येतं. २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल भरावं लागतं.

आता हिशेब करा. तुमची सरासरी १२० युनिट होती, म्हणजे १३२ युनिट मोफत. आऊटहाऊस त्याच मीटरवर आहे आणि भाडेकरू महिन्याला ८० युनिट जाळतो. झाले २००. एका पाहुण्यानं दोन दिवस जास्त गीझर लावला की तुमची सवलतही गेली आणि त्याचीही. हे बिल कुणी भरायचं? त्याच्या मते तुम्ही, कारण मीटर तुमच्या नावावर. तुमच्या मते तो, कारण गीझर त्याचा.

वेगळा मीटर असला तर हा वाद उरतच नाही. भाडेकरू स्वतःच्या आधारवर, भाडेकरार दाखवून, त्या मीटरच्या आर. आर. नंबरला (वीजबिलावरचा जोडणी क्रमांक) योजना जोडून घेऊ शकतो. एका माणसाला एकाच जोडणीवर लाभ मिळतो, त्यामुळे दोन्ही मीटर तुमच्या नावावर असले तरी तुम्हाला सवलत एकावरच. जुन्या वापराची नोंद नसलेल्या नव्या जोडणीला साधारण ५८ युनिटपर्यंतच मोफत मिळते, हेही भाडेकरूला आधी सांगा. नाहीतर ‘तुम्ही तर दोनशे युनिट फुकट म्हणाला होता’ हे ऐकावं लागतं. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला की महिन्याला ३० युनिट तिथेच संपतात.

मीटरसाठी हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, तुमच्या भागातल्या सेक्शन ऑफिसला जायचं. (बिदर, भालकीकडच्या वाचकांसाठी तेच काम जेस्कॉमकडे.) वायरिंग सरकारमान्य परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्या, कारण त्याच्या सही-शिक्क्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. एक सापळा इथं आहे. लोक आधी वायरिंग ओढून घेतात आणि मग ऑफिसला जातात. उलटं करा. आता नव्या जोडणीला बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र मागू शकतात, आणि परड्यातल्या आऊटहाऊसला हे दोन्ही कागद असतातच असं नाही. तुमच्या जागेला नेमकं काय लागेल ते विचारून मगच भिंती फोडा.

वेगळा मीटर नाहीच मिळाला तर इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळणारा सब-मीटर बसवा. मग तीन नियम पाळा. दर हेस्कॉमच्या बिलात असेल तेवढाच लावायचा, त्यावर नफा काढायचा नाही. दर महिन्याच्या एक तारखेला दोघांनी मिळून रीडिंग बघायचं आणि मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. आणि पाण्याची मोटर, गेटचा दिवा, जिन्यातला बल्ब हे सगळं तुमच्या बाजूला घ्यायचं. एक एचपीची मोटर रोज तासभर चालली तरी महिन्याला बावीसेक युनिट होतात. एवढ्यासाठी दर महिन्याला वहीत भागाकार करत बसण्यापेक्षा ते भाड्यात धरलेलं बरं.

३. पाणी, गेट आणि मधलं दार

शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलमधून येतं, पण नळाला ते कधी येणार हे गल्लीगल्लीवर असतं. चोवीस तास पाणी असलेल्या भागात राहत असाल तर हा भाग सोडून पुढं जा. बाकीच्यांनी नीट वाचा.

एकाच टाकीतून दोन घरांना पाइप काढले, तर खालच्या पातळीवरच्या नळाला आधी धार लागते. आऊटहाऊस बहुतेक वेळा बसकं असतं, म्हणजे भाडेकरूचा नळ सुरू झाला की तुमच्या माडीवरच्या न्हाणीत शॉवर थेंबथेंब ठिबकतो. एप्रिल-मेमध्ये यावरून शब्दाला शब्द वाढतो. उपाय स्वस्त आहे: आऊटहाऊसच्या स्लॅबवर त्यांची वेगळी पाचशे लिटरची टाकी, स्वतंत्र बॉल-कॉक आणि तिला येणाऱ्या पाइपवर एक व्हॉल्व्ह. त्यांची टाकी रिकामी झाली की ती त्यांना दिसते, तुमच्यावर संशय येत नाही. विहीर असेल तर मोटर कोण लावणार, किती वाजता, हे ठरवा. पहाटे साडेपाचला मोटर सुरू करणारी माणसं बहुतेक घरमालकच असतात, हेही लक्षात असू द्या.

गेटची किल्ली दोघांकडं हवी. ‘आम्ही दहाला गेट लावतो’ हा नियम शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला पाळता येत नाही. उद्यमबागेतल्या फौंड्रीत रात्रपाळी असते, हॉस्पिटलातल्या नर्सला ड्युटी असते. असा नियम लावायचाच असेल तर जागा बघायला येतील तेव्हाच सांगा.

गाड्यांची जागा दाखवून द्या. ‘लावा कुठंतरी’ म्हटलं की तुमची गाडी बाहेर काढताना रोज त्यांची मोटरसायकल हलवावी लागते. कपडे कुठं वाळत घालायचे, गच्चीवर जायचं की नाही, तुळशीकट्ट्यापाशी चपला चालतील का, परड्यातल्या नारळांवर आणि कढीपत्त्यावर कुणाचा हक्क, हे सगळं पहिल्या दिवशी बोलून घेतलं तर पोरकट वाटतं. सहा महिन्यांनी बोललं तर ते भांडण होतं. आमचा कढीपत्ता सगळ्यांचा, नारळ मात्र आमचे, असं आम्ही स्वच्छ सांगतो. आजवर कुणाला राग आलेला नाही.

मधल्या दाराचं काय करायचं? पुष्कळ आऊटहाऊसं मूळ घराला आतून जोडलेली असतात. ते दार विटांनी बुजवता आलं तर बुजवा. पुढं मुलासाठी हवं असेल तर दोन्ही बाजूंनी कडी लावा, नुसती तुमच्या बाजूची पुरत नाही. पलीकडं राहणाऱ्या बाईमाणसाला रात्री निवांत झोप लागायची असेल, तर तिच्या बाजूलाही कडी पाहिजेच.

४. मृगाआधी छप्पर

बेळगावचा पाऊस बाहेरून आलेल्या भाडेकरूला माहीत नसतो आणि खानापूरकडचा तर त्याहून दांडगा. मंगळुरी कौलांचं छप्पर असेल तर मे महिन्यात कौलं परतून, फुटकी बदलून घ्या. स्लॅब असेल तर पन्हाळी आणि पाइप साफ करा. जांभ्याच्या भिंतीला बाहेरून गिलावा नसेल तर पश्चिमेकडून पाणी मुरतं आणि आत लावलेल्या कपाटामागं बुरशी धरते. उन्हाळ्यात जागा दाखवताना ही भिंत कोरडी ठणठणीत दिसते. तरी ‘या भिंतीला कपाट लावू नका’ असं आधीच सांगून टाका, म्हणजे ऑगस्टमध्ये तोंड लपवावं लागणार नाही.

५. भाडेकरू कुठून मिळतात आणि कुणाला द्यावं

गेटावर पाटी, तरुण भारत किंवा पुढारीतली छोटी जाहिरात, कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि तोंडोतोंडी. एवढ्यात काम होतं. एजंटकडं गेलात तर कमिशन कुणाकडून, किती, हे आधी विचारा. काही एजंट दोन्हीकडून घेतात.

विद्यार्थी इथं भरपूर. मच्छे भागात व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ), उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट, नेहरूनगरात केएलईची कॉलेजं आणि हॉस्पिटल, भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ. विद्यार्थ्यांना जागा द्यायची असेल तर आई-वडिलांपैकी एकाला प्रत्यक्ष भेटा आणि करारावर त्यांची हमीदार म्हणून सही घ्या. किती मुलं राहणार तो आकडा लिहा. दोन म्हणून आलेली मुलं परीक्षेच्या काळात पाच होतात.

मराठा लाइट इन्फंट्री सेंटर आणि सांबऱ्याच्या हवाई दलाच्या तळामुळं फौजी कुटुंबंही जागा शोधत असतात. माझ्या अनुभवात भाड्याला एकदम चोख. फक्त त्यांची बदली अचानक येते, तेव्हा कमी मुदतीच्या नोटिशीचं कलम घालावं लागतं. ते सर्व्हिस ओळखपत्राची झेरॉक्स देत नाहीत. हट्ट धरू नका, दुसरं ओळखपत्र चालतं.

हॉस्पिटलमध्ये पेशंट असलेल्यांचे नातेवाईक महिन्या-दोन महिन्यांसाठी विचारतात. माणुसकी म्हणून द्यावं वाटतं आणि द्यावंही, पण कागद आणि पोलिसांची माहिती त्यांच्याबाबतीतही तीच.

खाण्यापिण्याच्या काही अटी असतील तर फोनवरच सांगा, माणसाला घरी बोलावून चहा पाजून मग नको. आणि जात-भाषा बघून भाडेकरू ठरवायचा असेल तर घर वर्षभर रिकामं राहील. पगार कुठं होतो आणि आधीचं घर का सोडलं, हे दोन प्रश्न जास्त कामाचे. आधीच्या घरमालकाला एक फोन करा.

६. भाडं आणि डिपॉझिट

गल्लीत अशा जागेला काय चाललंय ते दोन-तीन ठिकाणी विचारलं की आकडा कळतो. बेंगळुरूला डिपॉझिट घेतात तसे आकडे इथं सांगू नका, दोन-तीन महिन्यांचं भाडं पुरेसं आहे. ‘महिन्याचं भाडं नको, चार-पाच लाख एकरकमी घ्या आणि जाताना परत द्या’ असा लीजचा प्रस्ताव कधीकधी येतो. त्यात एकच प्रश्न स्वतःला विचारा: तो माणूस उद्या जातो म्हणाला तर एवढी रक्कम हातात असेल का? ती घराच्या रंगात नाहीतर मुलीच्या लग्नात खर्च होणार असेल, तर घर मोकळं करून घेणं विसरा.

डिपॉझिट बँकेतून घ्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेतली तर आयकरात अडचण येऊ शकते. दरवर्षी किती टक्के वाढ, तेही आताच ठरवा. आठ हजारांवर पाच टक्के म्हणजे पुढच्या वर्षी ८,४००. आकडा लिहिलेला असला की मागताना संकोच वाटत नाही.

७. करार

भाडेकराराबद्दल ऐकीव गोष्टी फार, म्हणून जरा सविस्तर.

कर्नाटक भाडे कायदा १९९९ महिन्याला साडेतीन हजारांपेक्षा जास्त भाडं असलेल्या घरांना लागू होत नाही. आजची बहुतेक आऊटहाऊसं त्याच्या वर असतात, म्हणजे तुमचं नातं मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ आणि तुम्ही केलेला करार यावर चालतं. करारात काही लिहिलं नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. सगळेजण एक महिना लिहितात आणि तेच बरं.

सगळीकडं अकरा महिनेच का? एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, अकरा महिन्यांचा नाही, एवढंच. तीन वर्षांसाठी द्यायचं असेल तर कावेरी या सरकारी नोंदणी पोर्टलवरून सब-रजिस्ट्रारकडं जा. अकरा महिन्यांचा करार दरवेळी नवीन करा. जुन्याच कागदावर ‘मुदत वाढवली’ असं पेननं लिहून सह्या करू नका.

ई-स्टॅम्प सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्थांच्या काउंटरवर मिळतो. स्टॅम्प पेपर घोटाळ्यातला तेलगी आपल्या खानापूरचाच, त्यामुळं कागदाच्या खरेपणाबद्दल या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ई-स्टॅम्पवरचा नंबर ऑनलाइन तपासता येतो, तपासा. त्यावर दोन्ही पक्षांची नावं छापून येतात, तेव्हा स्पेलिंग काउंटरवरच वाचून घ्या. शुल्क भाडं आणि डिपॉझिट धरून निघतं. ‘शंभरचा चालतंय की’ असं कुणी म्हणालं तरी काउंटरवर दोन्ही आकडे सांगून बरोबर रक्कम विचारा. कमी स्टॅम्पचा करार कोर्टात पुरावा म्हणून घेत नाहीत, आणि घ्यायचा झाला तर दहापट दंड भरावा लागतो.

नोटरी केली म्हणजे रजिस्टर झालं, हा गैरसमज. नोटरी म्हणजे सह्या त्यांच्यासमोर झाल्याची नोंद, बस.

भाषेचं म्हणाल तर करार कन्नड किंवा इंग्रजीत टाइप करून घ्या. पोलीस ठाण्यात आणि हेस्कॉममध्ये तोच पुढं सरकतो. पण टाइप करणारा जुन्या कुणाच्या तरी करारात नावं बदलून देतो, तेव्हा सही करण्याआधी ओळ न् ओळ मराठीत सांगायला लावा. एकदा आमच्या हातात आलेल्या मसुद्यात चक्क दुकानगाळ्याची कलमं होती, शटरच्या दुरुस्तीसकट.

करारात नक्की काय हवं: कुठल्या खोल्या दिल्या आणि कुठल्या नाहीत (परडं, गच्ची, माडी), राहणाऱ्यांची नावं, भाडं, तारीख, डिपॉझिट, वाढ, नोटीस, वीज-पाण्याची वाटणी, मीटरचं पहिलं रीडिंग, पोटभाडेकरू नाही, जागा फक्त राहण्यासाठी. शेवटचं महत्त्वाचं आहे. घरी शिवणकाम केलं तर कुणी काही म्हणत नाही, पण मेसचे डबे किंवा पार्लर सुरू झालं की वीज आणि घरपट्टी दोन्हीचा वर्ग घरगुतीचा व्यावसायिक होऊ शकतो.

कागद जमवा:

- मालकाचं आधार, पॅन, उतारा, चालू घरपट्टी आणि वीजबिल
- भाडेकरूचं आधार (शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली प्रत चालते), पॅन, फोटो, कायमचा पत्ता
- नोकरीचं पत्र किंवा कॉलेजचं ओळखपत्र, विद्यार्थी असेल तर पालकाचं आधार
- दोन साक्षीदार
- सामानाची यादी: पंखे, नळ, गीझर, किल्ल्या, सगळ्याचे फोटो तारखेसह

आणि ती नेहमीची भीती: ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं.’ होत नाही. भाडेकरू तुमच्या परवानगीनं राहतो, आणि भाडेकरू म्हणून राहत असताना मालकाचा मालकी हक्क त्याला नाकारता येत नाही. घोळ होतो तो कागद आणि भाड्याच्या पावत्या दोन्ही नसतील तेव्हा. त्यानं तुमच्या पत्त्यावर मतदार यादीत नाव घातलं किंवा गॅस घेतला, म्हणूनही मालकी मिळत नाही.

८. पोलीस ठाण्यात माहिती

तुमची गल्ली टिळकवाडी, शहापूर, माळमारुती, एपीएमसी, कॅम्प यांपैकी ज्या ठाण्याच्या हद्दीत येते तिथं भाडेकरूची माहिती द्या आणि पोच घ्या. भाडेकरूला हे आधीच सांगा, म्हणजे त्याला संशय घेतल्यासारखं वाटणार नाही. परदेशी विद्यार्थी ठेवत असाल तर नियम कडक आहे: तो राहायला आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन (पूर्वीचा फॉर्म सी) भरावी लागते, आणि ही जबाबदारी मालकाची.

९. भाडं, पावती, कर

यूपीआयनं घेतलं तर पावतीचा प्रश्न सुटतो, पण संदेशात ‘जून भाडं’ असं लिहायला सांगा. रोख घेतलंत तर लगेच पावती द्या. नोकरदार भाडेकरू घरभाडे भत्त्यासाठी पावत्या मागतो आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तर तुमचा पॅनही. तेव्हा ‘कागदावर कमी दाखवू’ असला विचार करू नका, त्याच्या ऑफिसात आकडा जातोच.

कर वाटतो तेवढा जड नाही. आठ हजारांप्रमाणे वर्षाचे ९६,००० आले आणि त्या जागेची ४,००० घरपट्टी तुम्ही भरलीत, तर राहिले ९२,०००. त्यावर सरसकट ३० टक्के वजावट, म्हणजे २७,६०० गेले. उरलेले ६४,४०० तुमच्या उत्पन्नात मिळवायचे. दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत, ती या ३० टक्क्यांतच धरलेली असतात. घर आईच्या नावावर असेल तर उत्पन्नही आईचं, पैसे तुमच्या खात्यावर आले म्हणून ते तुमचं होत नाही.

भाडं थकलं तर पहिल्याच महिन्यात बोला, दुसऱ्या महिन्यात लेखी द्या. पाणी तोडणं, फ्यूज काढून ठेवणं, बाहेरून कुलूप घालणं असले उद्योग करू नका. भिंतीपलीकडं राहत असल्यामुळं हात शिवशिवतात, पण मग तक्रार तुमच्यावर होते आणि थकलेलं भाडं बाजूलाच राहतं. वकिलाकडून नोटीस द्या.

१०. भाडेकरू घर सोडताना

सामान बाहेर पडल्यावर, पण तो माणूस अजून समोर असताना, यादी आणि जुने फोटो घेऊन खोल्यांतून एक फेरी मारा. भिंतीवरचे खिळे, विटलेला रंग हे राहण्याचं नेहमीचं झिजणं, त्याचे पैसे कापू नका. फुटलेलं बेसिन, जळालेला गीझर याचे कापा, आणि दुरुस्तीचं बिल दाखवून कापा.

मीटरचं शेवटचं रीडिंग दोघांनी बघून लिहा. वेगळा मीटर असेल तर त्याच्या आधारची गृहज्योतीची जोडणी त्याला काढायला लावा. सेवासिंधू या सरकारी पोर्टलवरून किंवा हेस्कॉमच्या ऑफिसात ते होतं. ती राहून गेली तर पुढच्या भाडेकरूचा अर्ज अडकतो आणि जुन्या माणसाला फोन लावत बसावं लागतं, जो तोवर हुबळीत नवीन घर बघत असतो. त्याला स्वतःलाही नव्या घरी सवलत घ्यायला हे करावंच लागतं, हे सांगितलं की काम लवकर होतं.

डिपॉझिट त्याच दिवशी, बँकेतून परत करा आणि ‘हिशेब पूर्ण झाला’ असं दोन ओळींचं लिहून दोघांच्या सह्या घ्या. वीजबिल यायचं बाकी असेल तर तेवढी अंदाजे रक्कम ठेवून घ्या आणि किती ठेवली तेही त्याच कागदावर लिहा. गेटची किल्ली आठवणीनं परत मागा. त्यानं दुसरी करून घेतली होती का हे विचारण्यात वेळ घालवू नका, आऊटहाऊसच्या दाराचं कुलूप सरळ नवीन बसवा.